घरात स्किझोफ्रेनिया आला आहे: नव्या शुभंकरांसाठी पहिल्या वर्षाची वाट

घरातल्या तरुण मुलाला किंवा मुलीला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयाने माणसाला ग्रासणारा मानसिक आजार, आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की सगळं घर एकाच प्रश्नाभोवती फिरू लागतं: हा बरा कधी होणार? प्रश्न रास्तच आहे. पण त्याच दिवशी दुसराही प्रश्न विचारायला हवा, आणि तो बहुतेक घरांत फार उशिरा, सांभाळणारी आई किंवा बायको स्वतःच आजारी पडल्यावर विचारला जातो: याला सांभाळणारं माणूस टिकणार कसं? हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. सांभाळणारा थकला की त्याचा आवाज चढतो, आवाज चढला की घर तापतं, आणि तापलेल्या घरात हा आजार उलटण्याची शक्यता वाढते. म्हणून स्वतःला जपणं हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे असं मी मानते, आणि हा सगळा लेख त्याच विश्वासावर उभा आहे.

महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांमध्ये रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. इथेही तेच शब्द वापरते.

पहिले पंधरा दिवस: फाईल, डायरी आणि योग्य दवाखाना

सर्वांत आधी एक जाड फाईल घ्या. प्रत्येक प्रिस्क्रिप्शन, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पुढे डॉक्टर बदलावे लागले, गाव बदललं, दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं झालं, तर हीच फाईल कामी येते. जोडीला एक साधी वही ठेवा. रोज तीनच गोष्टी लिहा: किती तास झोप झाली, गोळ्या घेतल्या का, आज वेगळं काय दिसलं. सरकारी ओपीडीत डॉक्टरांना तुमच्यासाठी जेमतेम काही मिनिटं मिळतात. तिथे "बरा आहे तसा" असं सांगण्यापेक्षा "गेले आठ दिवस पहाटे तीनला उठतो, भास कमी आहेत, पण पाय सतत हलवत असतो" असं सांगितलंत तर त्या मिनिटांचं सोनं होतं.

पहिल्या भेटीत हे नक्की विचारा: थायरॉइड, फिट्स, गांजा किंवा इतर नशेमुळे असं होत नाहीये हे तपासलंय का? गोळीचा परिणाम किती दिवसांत दिसेल? कोणता त्रास झाला तर लगेच फोन करायचा आणि कुणाला? पहिल्या काही महिन्यांत डॉक्टरांनी निदान बदललं तर घाबरू नका. सुरुवातीला स्किझोफ्रेनिया, बायपोलर म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार, आणि नशेमुळे आलेला सायकोसिस म्हणजे भास-भ्रमांची अवस्था, हे एकमेकांसारखे दिसू शकतात आणि काळ गेल्यावरच चित्र स्पष्ट होतं.

जायचं कुठे? जवळ चांगले मानसोपचारतज्ज्ञ असतील तर उत्तमच. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग किंवा सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी गाठा. पुण्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे. नेमकं कुठे जावं हे कळत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही तिथे फोन करावा, तो रुग्णानेच करायला हवा असं नाही.

समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांत गल्लत करू नका. समुपदेशनाचा उपयोग आहे, पण भास आणि संशय जोरात असताना आधी गोळ्या लागतात, आणि त्या एमबीबीएसच्या पुढे मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला डॉक्टरच देतो.

याच पंधरवड्यात कुणीतरी "बाहेरचं तर नाही ना?" असं विचारेल. आत्या अंगारा पाठवेल, गावाकडून एखाद्या देवऋषीचं नाव येईल. देवाला नमस्कार करण्याने, अंगारा कपाळाला लावण्याने कुणाचं नुकसान होत नाही. तिथे वाद घालून शक्ती घालवू नका. पण दोन रेघा पक्क्या आखा. गोळ्या एक दिवसही थांबणार नाहीत. आणि कोंडणं, उपाशी ठेवणं, मारणं, साखळीने बांधणं असल्या कुठल्याही 'उपाया'ला माणूस पाठवला जाणार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ऑगस्ट २००१ मध्ये एका आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळताही आलं नाही. प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकाला ही घटना शांतपणे सांगा.

बोलायचं कसं

नव्या शुभंकरांचा सगळ्यात जास्त जीव इथे जातो. मुलगा म्हणतो, "समोरच्या फ्लॅटमधल्यांनी माझ्यावर कॅमेरा लावलाय." घरात लगेच दोन बाजू पडतात. बाबा म्हणतात, "काहीतरीच बोलू नकोस, कुठाय कॅमेरा? दाखव!" आई त्याला शांत करायला म्हणते, "हो रे बाळा, मी सांगते हं त्यांना." दोन्ही वाटा अडचणीच्या. पुराव्याने पटलं असतं तर तो आजार कशाला झाला असता? आणि होकार भरला की त्याच्या भीतीला घरच्यांची साक्ष मिळते, उद्या तो विचारेल, "सांगितलंस का त्यांना?"

मधली वाट अशी आहे: भीती खरी माना, मजकुरावर वाद घालू नका. "मला कॅमेरा दिसत नाही. पण कुणी सतत बघतंय असं वाटलं तर माणूस झोपणार कसा? रात्रभर जागा होतास ना? पडदा ओढूया का? चहा टाकते." यात तुम्ही खोटं बोलला नाहीत, त्याला वेड्यातही काढलं नाहीत आणि बोलणं झोपेवर आणलंत. झोपेवरून गोळीवर येणं सोपं असतं.

वाक्यं छोटी ठेवा. एका वेळी एकच गोष्ट. "ऊठ, आंघोळ कर, नाश्ता कर आणि मग आपल्याला बँकेत जायचंय" हे त्याच्या कानांपर्यंत पोचतं, पण आतल्या आवाजांच्या गलक्यात विरून जातं. "आंघोळीचं पाणी काढलंय" एवढंच म्हणा, थांबा. तो एकटाच हसत असेल तर हसण्याचं कारण खोदून विचारू नका. त्याच्यासमोर फोनवर दबक्या आवाजात बोलू नका. संशयाने ग्रासलेल्या माणसाला प्रत्येक कुजबुज स्वतःबद्दलचीच वाटते. त्याला समजवायला चार काका-मामा एकत्र बोलावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती या आजारात पूर्णपणे बंद करा. एकाच माणसाने, बसून, जरा अंतर ठेवून बोलायचं.

"मला काही झालेलं नाही, तुम्हीच डॉक्टरकडे जा" हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं. हा हट्टीपणा नसतो. आपण आजारी आहोत हे न कळणं हे या आजाराचंच लक्षण आहे, आणि ते बऱ्याच जणांत दिसतं. त्यामुळे "तुला स्किझोफ्रेनिया आहे हे मान्य कर" असा आग्रह धरू नका. त्याला स्वतःला काय हवंय ते शोधा. झोप हवी आहे? कॉलेज पुरं करायचंय? पुन्हा मैदानावर जायचंय? "डोकं शांत राहिलं तर अभ्यासाला बसता येईल, डॉक्टरांना त्यासाठी विचारू" यावर तो तयार होऊ शकतो. निदानाचं नाव मान्य नसतानाही वर्षानुवर्षं गोळ्या नीट घेणारे शुभार्थी आहेत.

एक प्रश्न मात्र न घाबरता विचारायचा: "आवाज तुला काय करायला सांगतात? स्वतःला काही करावंसं वाटतं का?" विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. उलट, इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं बोलून दाखवायला जागा मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्या दिवशी त्याला एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्यांचा साठा आणि शेतावरच्या घरात असाल तर फवारणीची औषधं कुलपात घालायची, आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं.

घराची धग कमी करणं

लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाच्या एक गोष्ट लक्षात आली. इस्पितळातून सुटून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्या रुग्णांपेक्षा भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेल्यांचं बरं चाललं होतं. प्रेमाच्या माणसांजवळ आजार जास्त का उलटावा? पुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरच्यांच्या मुलाखती घेतल्या आणि तीन गोष्टी मोजल्या: टोचून बोलणं, राग-तिटकारा, आणि जीव ओवाळून टाकणारी अतिकाळजी. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हे प्रमाण जास्त असलेल्या घरांत नऊ महिन्यांत ५८ टक्के रुग्णांचा आजार उलटला. कमी असलेल्या घरांत १६ टक्के. १९७६ मधल्या पुढच्या अभ्यासात आणखी एक बाब समोर आली. अशा तापलेल्या घरातही, रुग्ण आणि नातेवाईक आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी वेळ समोरासमोर असले आणि गोळ्या चालू असल्या, तर धोका बराच खाली येत होता.

यातून आईवडिलांनी स्वतःला दोषी ठरवायचं नाही. घरच्यांच्या वागण्याने स्किझोफ्रेनिया होत नाही. आईला जबाबदार धरणारा एक सिद्धांत पूर्वी होता, तो कधीच मोडीत निघाला आहे. आणि भारतीय घरांबद्दल चांगली बातमीही आहे: १९८० च्या दशकात चंडीगडला झालेल्या अभ्यासात लंडनच्या तुलनेत टोचून बोलणारे नातेवाईक कमी निघाले. आपल्या घरांत ही ताकद मुळातच आहे, फक्त ती दमणुकीत हरवू द्यायची नाही.

टोचून बोलणं कशावरून होतं, बघा. भासांवरून क्वचितच. भास-भ्रम हे आजाराचे आहेत हे घरच्यांना कळतं. बोलणी बसतात ती वेगळ्याच गोष्टींवरून: दुपारी बारापर्यंत लोळणं, चार दिवस दाढी न करणं, ताटावर गप्प बसणं, कामधंदा न करणं. "आळशी झालाय नुसता", "तुझ्या वयाचे लग्न करून बसले." पण इच्छाशक्ती आटणं, चेहऱ्यावरचे भाव कमी होणं, बोलणं थोडकं होणं हासुद्धा आजारच आहे, आणि भासांइतक्या लवकर तो गोळ्यांना दाद देत नाही. शिवाय काही गोळ्यांनी गुंगी येते. टोमणे मारून आळस जाईलही एखाद्याचा, ही लक्षणं जात नाहीत.

मग काहीच बोलायचं नाही का? बोलायचं, पण माणसाबद्दल न बोलता कामाबद्दल. "तू घाणेरडा राहतोस" याऐवजी "दोन दिवस आंघोळ झाली नाही की खोलीत वास येतो, आज सहा वाजता करशील का?" जे केलं ते नाव घेऊन सांगा: "आज दूध तू आणलंस, मला बरं पडलं." कामं छोटी द्या आणि ठरावीक द्या. रोज संध्याकाळी झाडांना पाणी, एवढं एक काम महिनाभर टिकलं तरी ती मोठी मजल आहे.

अतिकाळजीची धग ओळखायला अवघड असते, कारण ती प्रेमासारखीच दिसते. पंचवीस वर्षांच्या मुलाला घास भरवणं, त्याच्या खोलीत झोपणं, दर दहा मिनिटांनी "काय विचार करतोयस?" विचारणं, त्याच्यासाठी स्वतःचं सगळं सोडून बसणं. त्याचा जीव यात घुसमटतो आणि तुमचा संपतो.

सणासुदीचा विचार आधीच करून ठेवा. गणपतीत पाहुण्यांची वर्दळ, ढोल-ताशा, रात्रीच्या आरत्या, जागरण. झोप मोडणं हे आजार उलटायला फार मोठं निमित्त ठरतं. त्याला आरतीपुरतं बाहेर येऊन परत खोलीत जायची मुभा द्या आणि पाहुण्यांना आधीच सांगा. उपवास असला तरी गोळ्या चुकवायच्या नाहीत. मूड स्थिर ठेवण्यासाठी लिथियम चालू असेल तर निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच द्यायचा नाही, कारण पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं.

गोळ्यांबद्दल

परिणाम पूर्ण दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठवड्याभरात डॉक्टर बदलू नका. बरं वाटू लागल्यावर गोळ्या बंद करणं हे आजार उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. पहिल्या झटक्यानंतरही एक-दोन वर्षं तरी त्या चालू ठेवायला सांगतात, आणि बंद करायच्या झाल्या तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू.

गोळ्यांचा त्रास खरा असतो, तो उडवून लावू नका. वजन वाढणं, साखर वाढणं, हात थरथरणं, अंग आखडणं, झोपेत लाळ गळणं, एका जागी बसवत नाही अशी तगमग होणं. या तगमगीला घरचे अनेकदा आजार वाढला असं समजतात. वहीत लिहा आणि डॉक्टरांना सांगा. डोस कमी-जास्त करता येतो, गोळी बदलता येते. रिस्पेरिडोन, ओलान्झापीन अशा गोळ्या चालू असताना वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल अधूनमधून तपासून घ्यायचं. क्लोझापीन चालू केलं तर सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, आणि मध्येच ताप किंवा घसा दुखला तर लगेच कळवायचं. विडी-सिगारेट एकदम सोडली किंवा वाढवली तरी सांगायचं, धुरामुळे काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण बदलतं. जोराचा ताप, अंग ताठ होणं आणि भान हरपणं हे तिन्ही एकत्र दिसलं तर वाट न पाहता इस्पितळ गाठा.

जेवणात चोरून गोळी मिसळण्याचा सल्ला पुष्कळ जण देतील. ज्याला आधीच विषप्रयोगाचा संशय आहे त्याला एक दिवस हे कळतं, आणि मग तो घरचं अन्नच सोडतो. गोळ्या चुकतच असतील तर दोन-चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. रोजची गोळीवरची झटापट संपली की घरातलं निम्मं भांडण संपतं.

तुमचा आठवडा

आता तो ३५ तासांचा आकडा पुन्हा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही सकाळी दोन तास घराबाहेर असणं, नोकरी न सोडणं, गुरुवारी भजनाला जाणं, यातून त्यालाही मोकळा श्वास मिळतो. "त्याला सोडून कशी जाऊ?" असं म्हणणाऱ्या आयांना मी हेच सांगते: तुम्ही जाता तेव्हा त्याच्या उपचाराची वेळ चालू असते.

एका कागदावर आठवडा मांडा. सोमवार ते रविवार, सकाळ-दुपार-रात्र. प्रत्येक चौकटीत त्या वेळी त्याच्याजवळ कोण असतं ते लिहा. बहुतेक घरांत एकवीसच्या एकवीस चौकटींत एकाच बाईचं नाव येतं: आई, बायको किंवा मोठी बहीण. तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि नावं वाटा. वडील "मला त्यातलं कळत नाही" म्हणत असतील तर त्यांच्याकडे न कळणारं काम द्यायचंच नाही. औषधं आणणं, ओपीडीचा नंबर लावणं आणि रोज संध्याकाळी त्याच्यासोबत अर्धा तास चालणं, हे त्यांचं. परदेशात असलेल्या भावाने फक्त पैसे पाठवून आणि फोनवर सल्ले देऊन चालत नाही. वर्षातून पंधरा दिवस तो घरी येईल आणि त्या पंधरा दिवसांत आई दुसरीकडे जाईल, असं तिकीट काढतानाच ठरवा.

झोप राखा. रात्रीची जाग लागत असेल तर दोघांनी पाळ्या करा. एकट्या माणसाने सलग रात्री जागायच्या नाहीत. तुमची स्वतःची बीपीची गोळी, डोळ्यांची तपासणी, दाताचं काम, ही कामं त्याच्या फॉलो-अपच्या तारखेशेजारीच कॅलेंडरवर लिहा.

मर्यादा कुठे आखायच्या ते शांत दिवशी ठरवा आणि त्यालाही शांत दिवशीच सांगा. घरात कुणावर हात उगारायचा नाही. रात्री अकरानंतर स्पीकर नाही. पैसे मागितले तर महिन्याची ठरलेली रक्कम, जास्त नाही. आजार असल्यामुळे मारहाण सहन करायलाच हवी असं कुठेही लिहिलेलं नाही. स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसं हिंसक नसतात, पण तुमच्या घरात हात उगारला जात असेल तर तुम्ही खोलीतून बाहेर पडायचं, मुलांना घेऊन शेजारी जायचं आणि मदत बोलवायची.

मनात येणाऱ्या काही गोष्टी कुणाशी बोलता येत नाहीत. हा नसता तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटतं. त्याच्या मित्राची लग्नपत्रिका आली की पोटात कालवतं. तो जसा होता तसा मुलगा आठवून रडू येतं, आणि तो तर समोरच बसलेला असतो. हे सगळं वाटणं माणसाचं आहे, त्याने तुमचं प्रेम कमी ठरत नाही. अशा गोष्टी बोलायची हक्काची जागा म्हणजे शुभंकरांचा स्वमदत गट. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था याच कामासाठी उभी राहिली. कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराचा अनुभव गाठीशी घेऊन ती सुरू केली. ठाण्याची आयपीएच ही संस्थाही १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते. तुमच्या जिल्ह्यात गट नसेल तर डॉक्टरांना विचारा की याच ओपीडीतली आणखी दोन कुटुंबं भेटायला तयार आहेत का. तीन घरं मिळूनही गट होतो.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ तुम्हाला झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, भूक गेली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर ते "टेन्शन" म्हणून सोडून देऊ नका. तुमचा स्वतःचा केसपेपर काढा. शक्यतो वेगळ्या डॉक्टरांकडे, म्हणजे तिथे तुम्ही कुणाची आई म्हणून न बसता स्वतःबद्दल बोलाल.

शेजाऱ्यांना काय सांगायचं? "मेंदूतल्या रसायनांचा आजार आहे, उपचार चालू आहेत." एवढं पुरे. घरातल्या लहान मुलांना मात्र जास्त सांगा: काकाला असा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तो ओरडला तर तू आजीकडे जायचं.

आजार उलटतोय असं दिसलं तर

बहुतेकांच्या बाबतीत आजार परतण्याआधी काही दिवस ते आठवडे खुणा दिसतात, आणि एकाच माणसात त्या पुष्कळदा त्याच त्या असतात. झोप कमी होणं, खोलीचं दार लावून घेणं, एकाच विषयावर सतत बोलणं, जेवण बदलणं. मागच्या वेळी काय काय झालं होतं ते वहीत शोधा, त्यातल्या तीन खुणा फ्रिजवर लावा. शक्यतो त्याच्याबरोबर बसून लावा. दोन दिसल्या की पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन.

संकटाच्या वेळचा कागदही आत्ताच करा. डॉक्टरांचा नंबर, जवळचं इस्पितळ, ॲम्ब्युलन्ससाठी १०८, पोलिसांसाठी ११२, टेलिमानस १४४१६, रात्री गाडी घेऊन येऊ शकेल असा एक माणूस, आणि चालू गोळ्यांची यादी. कुणी भडकला असेल तर टीव्ही बंद करा, गर्दी पांगवा, दारापाशी स्वतः उभे राहा पण त्याची बाहेर जायची वाट अडवू नका, अंगाला हात लावू नका. पोलिसांना फोन केलात तर पहिल्याच वाक्यात सांगा की हा मानसिक आजाराचा रुग्ण आहे, उपचार चालू आहेत.

भरती करण्याबद्दल २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम माहीत असू द्या. रुग्ण स्वतः तयार असेल तर त्याच्या सहीने भरती होते, आणि शक्य तेव्हा हीच वाट धरावी. तो नकार देत असेल आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, किंवा तो स्वतःची निगा राखूच शकत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे उपचारांबाबत त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाच्या, अर्जावर आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत भरती करता येतं. साखळीने बांधायला कायद्याची पूर्ण बंदी आहे. शॉक उपचाराची अनेकांना भीती असते. आज तो भूल देऊनच द्यावा लागतो, भूल न देता देणं याच कायद्याने बंद केलं आहे.

शांत दिवसांत करायचे कागद

नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे शुभार्थी बरा असताना स्वतः साध्या कागदावर लिहून सही करू शकतो. पुढच्या वेळी कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे सांगणारा आगाऊ निर्देशही त्याला करता येतो. हे बोलणं त्याच्यासोबत करा. ज्या माणसाच्या मताला इस्पितळात किंमत राहिली नव्हती त्याला ती परत मिळते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. आजार दीर्घकाळ राहिला तर ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयातून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढता येतं. सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. त्यावर अवलंबित दिव्यांगासाठीची आयकर वजावट जुन्या करपद्धतीत मिळते. आरोग्य विम्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला कायदा सांगतो, पण पॉलिसी घेताना आजार लपवू नका.

लग्न, काम आणि आपल्यानंतर

"लग्न करून द्या, ठीक होईल" हा सल्ला ऐकू नका. लग्नाने स्किझोफ्रेनिया बरा होत नाही, आणि आजार लपवून केलेलं लग्न फसवणुकीच्या कारणावरून न्यायालयात रद्द होऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे एका परक्या मुलीला काहीही न सांगता शुभंकर बनवलं जातं. या आजारातल्या माणसांची चांगली लग्नं होतात, सगळं सांगून झालेली.

काम लवकर सुरू करा पण लहान सुरू करा. पूर्वीच्याच नोकरीत, पूर्वीच्याच वेगाने परतायचा हट्ट नको. दिवसाचे दोन तास, ओळखीच्या दुकानात, हिशोबाच्या कामात, शेतावर.

सख्ख्या भावंडांच्या मनात एक भीती असते जी ते बोलत नाहीत: मलाही होईल का? सर्वसाधारण लोकांमध्ये हा धोका शंभरात एकाच्या आसपास मानतात, सख्ख्या भावंडाला तो दहात एकाच्या जवळ जातो. म्हणजे दहांतल्या नऊ भावंडांना तो होत नाही. हे त्यांना आकड्यासकट सांगा, आणि गांजापासून लांब राहायलाही सांगा, कारण त्याने धोका वाढतो.

आईवडिलांच्या मनातला शेवटचा प्रश्न, आमच्या मागे याचं काय, हा सत्तरीत काढायचा नसतो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या मुलाला हयातभर कुटुंब निवृत्तीवेतन मिळू शकतं, त्यासाठी प्रमाणपत्र आणि पेन्शनच्या कागदांत नाव वेळेत लागतं. राज्याच्या नोकरीत असाल तर आपल्या कार्यालयात नियम विचारा. घर आणि ठेवी कुणाच्या नावावर, कोण खर्च चालवणार, हे वकिलाकडून इच्छापत्रात लिहून घ्या. बहिणीला किंवा भावाला वर्षातून दोन-तीनदा तरी ओपीडीला सोबत न्या, म्हणजे डॉक्टर त्यांना ओळखतील आणि फाईल कुठे आहे, वही कशी वाचायची हे त्यांना माहीत असेल. पण त्यांना विचारून. "तूच बघायचं आहेस याच्याकडे" असं गृहीत धरून वाढवलेली भावंडं पुढे दूर जातात. किती आणि काय करू शकशील असं विचारलं, तर बहुतेक जण आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त घेतात.